मदतकार्याचं चित्रण: आधी काम समजून घ्या, मग कॅमेरा उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक छोटी संस्था एका अतिशय गरीब देशात कुपोषित मुलांवर उपचार करते आणि पिण्याच्या पाण्याची सोय करते. तिच्यासोबत काही आठवडे राहून छायाचित्रं काढायची आहेत आणि वीसेक मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. सामान काय न्यावं, लोकांची परवानगी कशी घ्यावी, ड्रोन न्यावा का, आणि गरिबीचं प्रदर्शन न मांडता हे सगळं कसं दाखवावं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. माझं म्हणणं एवढंच: चित्रण कामाचं करा. अशा ठिकाणी दुःख शोधत फिरावं लागत नाही, ते समोरच असतं. काम मात्र नुसतं उभं राहून दिसत नाही. त्यासाठी ते आधी समजून घ्यावं लागतं, आणि ही तयारी निघण्यापूर्वी घरी बसून बरीचशी करता येते.

कुपोषण तपासणीचंच उदाहरण घ्या. आरोग्यसेविका बाळाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल रंग, म्हणजे अतितीव्र कुपोषण. ११५ ते १२५च्या दरम्यान पिवळा, त्यापुढे हिरवा. हे ज्याला माहीत नाही तो बाळाच्या बरगड्यांचा फोटो काढतो. ज्याला माहीत आहे तो त्या पट्टीवर आणि ती ओढणाऱ्या बोटांवर लक्ष ठेवतो, कारण पट्टी सैल राहिली किंवा जास्त आवळली गेली तर आकडा चुकतो आणि मुलाचे उपचार बदलतात. आई आकड्याकडे बघत नाही, सेविकेच्या चेहऱ्याकडे बघते. तो क्षण टिपायला मिळणं नशिबाचा भाग नाही. तो कधी येणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

पुढे बाळाला शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं मिळतात. एक पाकीट ९२ ग्रॅमचं, साधारण ५०० कॅलरींचं. शिजवावं लागत नाही, पाणी घालावं लागत नाही, म्हणून गुंतागुंत नसलेल्या मुलाला दवाखान्यात न ठेवता घरीच बरं करता येतं. याचा अर्थ तुमच्या चित्रपटाचा निम्मा भाग दवाखान्याबाहेर घडणार आहे. घरी आणखी तीन मुलं असतील तर ते पाकीट एकट्या बाळाच्या पोटात जातं का? आई भावंडांना काय सांगते? आठवड्याभराने ती परत किती अंतर चालत येते, आणि त्या दिवशी शेतावरची मजुरी बुडते का? मला विचाराल तर खरी गोष्ट या प्रश्नांत आहे, आणि ती सांगायला कुणाला रडताना दाखवावं लागत नाही.

पाण्याचंही तसंच. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर वापरले जाणारे ‘स्फिअर’चे निकष वाचून जा. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, घरापासून पाणी ५०० मीटरच्या आत, रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबावं लागू नये. हे आकडे डोक्यात असले की रांगेकडे बघण्याची नजर बदलते. एखादी बाई पहाटे डबा रांगेत ठेवून गेली आणि तिचा नंबर दोन तासांनी लागला, तर तेवढ्या वेळात एकाच जागेवरून ठरावीक अंतराने घेतलेल्या चार फ्रेम्स पुरावा ठरतात. संस्थेला त्या देणगीदारांपुढे ठेवता येतात आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापुढेही. लसीकरण असेल तर लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. मग बर्फाचा डबा, कुपीवरचा उष्णतेने काळा पडत जाणारा चौकोन, मोटारसायकलवरून तो डबा शेवटच्या गावापर्यंत नेणारा माणूस, हे सगळं तुमच्या गोष्टीत येतं.

आणखी एक. हातपंप बसवल्याचा दिवस सगळे टिपतात. पंप नादुरुस्त झाल्यावर वर्गणी कोण गोळा करतं, सुटा भाग कुठून येतो, पाना-पक्कड घेऊन येणारा मेकॅनिक कोण, हे क्वचितच कुणी टिपतं. संस्थेने तीन-चार वर्षांपूर्वी काम केलेलं एखादं गाव मुद्दाम मागून घ्या. तिथे पंप चालू असो वा बंद, तुमच्या चित्रपटात त्या गावाइतकं मोलाचं दुसरं काही नसेल.

नुसतं दुःख न दाखवता त्यामागची गोष्ट सांगावी, याला इतिहासाचाही आधार आहे. काँगोवर बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याची खासगी सत्ता होती तेव्हा ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी १९०४मध्ये न्साला नावाच्या माणसाचा फोटो काढला. तो ओट्यावर बसला आहे आणि त्याच्यापुढे त्याच्या लहान मुलीचा तोडलेला हात आणि पाय आहे. रबराचा ठरवून दिलेला वाटा गावाने पुरा केला नाही म्हणून पहारेकऱ्यांनी हे केलं होतं. फोटो भयानक आहे, पण त्याच्यासोबत त्या बापाचं नाव आहे, मुलीचं नाव आहे, गाव आहे, कुणी केलं आणि कशासाठी केलं हे आहे. स्लाइड दाखवत ब्रिटन आणि अमेरिकेत व्याख्यानं झाली, लोकमत पेटलं, आणि १९०८मध्ये राजाच्या हातून तो प्रदेश काढून घेतला गेला. नाव आणि कारण सोबत नसतं तर हेच चित्र नुसती दया मागून थांबलं असतं.

दुसरं टोक १९९३मधलं. तेव्हाच्या सुदानमधल्या आयोद इथे केविन कार्टर यांनी काढलेला, गिधाडासमोर वाकून पडलेल्या मुलाचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याला १९९४मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. जवळच अन्नवाटपाचं केंद्र होतं, तिथे माणसं काम करत होती, पण चौकटीत ते काहीच नव्हतं. मुलाचं नाव नोंदलेलं नव्हतं. वाचकांनी तो फोटो छापणाऱ्या वर्तमानपत्राला विचारलं की त्या मुलाचं पुढे काय झालं, तेव्हा वर्तमानपत्राला ठाम उत्तर देता आलं नाही. त्या छायाचित्रकाराला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. युद्धात तो ज्या ताणाखाली होता त्याची आपल्याला कल्पना नाही. पण ‘या मुलाचं पुढे काय झालं?’ हा प्रश्न तुमच्या प्रत्येक फोटोला विचारला जाणार आहे हे गृहीत धरून काम करा.

१९८४च्या ऑक्टोबरमध्ये इथिओपियातल्या कोरेमहून मायकेल बर्क आणि कॅमेरामन मोहम्मद अमीन यांचा वृत्तांत बीबीसीवर दाखवला गेला आणि जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. त्या चित्रणाने जीव वाचवले, हे कुणी नाकारू नये. पण त्यानंतर कित्येक वर्षं आफ्रिका म्हणजे हात पसरलेली, नाव नसलेली मुलं, हे चित्र रूढ झालं, आणि त्या दुष्काळामागच्या यादवी युद्धाकडे, सरकारच्या लष्करी धोरणाकडे बहुतेक प्रेक्षकांचं लक्षच गेलं नाही. त्या अनुभवातून युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी १९८९मध्ये प्रतिमांसंबंधी आचारसंहिता मान्य केली. रेडक्रॉस आणि इतर संस्थांच्या १९९४च्या आचारसंहितेतलं दहावं कलमही याच विषयावर आहे: प्रसिद्धीमध्ये आपत्तीग्रस्तांना प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणून दाखवावं, हताश वस्तू म्हणून नव्हे. तुमच्या संस्थेने ही संहिता स्वीकारली आहे का, ते विचारा. स्वीकारली असेल तर पुढे वाद झाला तर तुमच्या बाजूने बोलायला ते कलम हाताशी असेल.

वाद होतो. सहसा गावात होत नाही, संस्थेच्या मुख्य कार्यालयात होतो. निधी गोळा करणाऱ्या विभागाला एक चेहरा हवा असतो, डोळ्यांत पाणी असलेला, शक्यतो लहान मुलाचा, एकट्याचा. तुम्ही आईच्या मांडीवरच्या बाळाचा फोटो देता आणि पत्रकावर आई कापलेली असते. म्हणून जाण्यापूर्वी लेखी करार करा. चित्रणाची मालकी कुणाची, ते कुठे आणि किती वर्षं वापरणार, फोटो कापण्याचा आणि त्याखालची ओळ बदलण्याचा अधिकार कुणाला, तिसऱ्या संस्थेला किंवा जाहिरात कंपनीला देता येईल का, आणि चित्रित व्यक्तीने नंतर नको म्हटलं तर किती दिवसांत काढून टाकणार. या मुद्द्यांवर संस्था चालढकल करत असेल तर मी तरी तिकीट काढत नाही.

आता परवानगी. इथे थोडं थांबून लिहिते, कारण नेमका इथेच लोक कागदावर भागवतात. इंग्रजी किंवा फ्रेंच मजकुराखाली अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. अन्नाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला ‘फोटो काढू का?’ विचारलं तर ती हो म्हणणारच. तिला वाटतं, नाही म्हटलं तर आपलं धान्य जाईल. म्हणून रांगेत कधीही परवानगी मागू नका. आधी तिचं काम होऊ द्या, धान्य किंवा औषध तिच्या हातात पडू द्या, मग बाजूला बसून बोला. विचारणारी व्यक्तीही उपचार करणारी किंवा यादीत नाव लिहिणारी नसावी. छावणीच्या प्रमुखाने किंवा नवऱ्याने हो म्हटलं तरी ती त्या बाईची संमती होत नाही. त्यांना विचारणं हा शिष्टाचार आहे, पण तिला वेगळं, तिच्या भाषेत, शक्यतो बाईनेच विचारायला हवं.

समजावताना वस्तू दाखवा. संस्थेचं एक छापील पत्रक आणि फोनवर उघडलेलं एक पान सोबत ठेवा: ‘तुमचा चेहरा अशा ठिकाणी दिसेल, अनोळखी माणसं बघतील, आणि फोनवरून फिरत फिरत तो तुमच्या गावातही येऊ शकेल.’ ही शेवटची गोष्ट जरूर सांगा. दूरदेशी छापलेला फोटो गावात पोचत नाही असा काळ होता, तो संपला. मग त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत परत सांगायला सांगा. ते सांगणं कॅमेऱ्यावर नोंदवून घ्या, सहीपेक्षा त्याला जास्त अर्थ आहे. चित्रण झाल्यावर ते त्यांना दाखवा आणि पुन्हा एकदा विचारा. दुसऱ्या वेळी नाही म्हणणारे बरेच जण असतात, आणि ते नाही ऐकून घेण्यासाठीच तर दुसऱ्यांदा विचारायचं. शेवटी स्थानिक कार्यालयातला एक माणूस आणि त्याचा फोन नंबर द्या, म्हणजे पुढे कधी मन बदललं तर कुणाला सांगायचं ते त्यांना कळेल.

मुलांच्या बाबतीत पालकाची संमती लागतेच, पण मुलालाही विचारा. चार वर्षांचं मूल तोंड फिरवतं तेव्हा ते नाही म्हणत असतं. लैंगिक अत्याचार झालेली मुलं, सशस्त्र गटांतून सुटून आलेली मुलं, एचआयव्हीसह जगणारी मुलं यांची ओळख कुठल्याही परिस्थितीत उघड होऊ देऊ नका, पालक तयार असले तरी. युनिसेफची मुलांविषयीच्या वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वंही वाचून जा. आणि चेहरा नंतर धूसर करू असं म्हणून चित्रण करू नका. मूळ फाइल कुठे तरी राहते, कधी तरी कुणाच्या हाती लागते. शिवाय आवाज, कपडे, घराचा दरवाजा, शाळेच्या गणवेशावरचं चिन्ह यांवरून शेजारी सहज ओळखतात. हातांचं, पाठमोरं, उजेडाविरुद्ध छायाकृतीचं चित्रण सुरुवातीपासूनच करा. त्यातून चित्र दुबळं होत नाही. आईच्या पदराची गाठ सोडणारे हात नीट पाहिले तर पुष्कळ काही सांगतात. जाहीर करायच्या फोटोंमधून ठिकाणाची जीपीएस नोंदही काढून टाका, विशेषतः विस्थापितांच्या बाबतीत.

फोटोसाठी पैसे देऊ नयेत या मताची मी आहे, कारण एकाला दिले की दुसऱ्या दिवशी ती बाजारपेठ होते. पण कुणी तुमच्यासाठी दिवसभराची मजुरी सोडून बसला असेल, तर त्याचं नुकसान भरून देणं न्यायाचं आहे. ते संस्थेच्या ठरलेल्या नियमाने, सगळ्यांना सारखं आणि उघडपणे द्या.

स्थानिक सहकाऱ्याबद्दल. दुभाषा, चालक, वाटाड्या हे सगळं एकाच माणसावर लादून त्याला श्रेयनामावलीच्या तळाशी टाकण्याची पद्धत सोडा. अत्यंत गरीब देशांतही चांगले छायाचित्रकार आणि संकलक आहेत. त्यांतल्या एकाला सहछायाचित्रकार म्हणून घ्या, तुम्हाला मिळतं त्या हिशेबाने मानधन द्या, नाव बरोबरीने लावा. तुम्ही निघून गेल्यानंतर पाच महिन्यांनी त्या बाळाच्या दंडावरची पट्टी हिरवी झाली का, हे टिपायला तिथे कोण असणार आहे? चित्रपट लोकांपुढे आल्यावर कुणी धमकावलं तर तुम्ही दूर असाल, तो तिथेच असेल. त्यामुळे कुठलं दृश्य ठेवायचं आणि कुठलं काढायचं यात त्याचा शब्द तुमच्यापेक्षा जड असायला हवा.

मुलाखतीत ‘तुम्हाला कसं वाटतं?’ हा प्रश्न टाळा. ‘आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?’ असं विचारा. माणूस आपलं काम सांगू लागला की आवाज मोकळा होतो, तपशील येतात, आणि दुःख सांगायचं असेल तर तो ते आपल्या मर्जीने, हवं तेवढं सांगतो. कुणी कोलमडलं तर कॅमेरा बंद करा आणि बंद केला आहे हे त्यांना दिसू द्या. झालेला आघात पुन्हा एकदा, नीट आवाजात सांगायला लावणं ही क्रूरता आहे. दुभाष्याला लेन्सच्या शेजारी बसवा म्हणजे बोलणाऱ्याची नजर भरकटत नाही. लोकांना त्यांच्या भाषेत बोलू द्या, वर दुसऱ्याचा आवाज चढवू नका, उपशीर्षकं द्या. भाषांतर दुसऱ्या, संस्थेशी संबंध नसलेल्या माणसाकडून तपासून घ्या. पहिला दुभाषा अनेकदा भलेपणाने संस्थेविरुद्धचं बोलणं गाळतो, आणि नेमकं तेच तुम्हाला हवं असतं.

सामानाचं पटकन सांगते. दोन सारख्या कॅमेरा बॉडी न्या, म्हणजे बॅटऱ्या आणि लेन्स एकमेकींना चालतात. ३५ मिलिमीटर आणि ८५ मिलिमीटरच्या आसपासच्या दोन लेन्स बहुतेक सगळं सांभाळतात. लांब पल्ल्याची झूम घरी ठेवा. जी माणसं दुरून चोरून टिपावी लागतात त्यांच्याशी तुमचं अजून बोलणं झालेलं नाही. धुळीत लेन्स बदलू नका. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या सहसा चालतात, १६०पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नेता येत नाहीत. उपकरणांच्या तात्पुरत्या आयातीसाठीची कार्ने पद्धत अनेक गरीब देशांत लागू नाही, म्हणून सर्व उपकरणांची अनुक्रमांकांसह यादी करा, संस्थेचं पत्र जोडा आणि आत जातानाच कस्टमचा शिक्का घ्या, नाहीतर परतताना अडचण होते. चित्रणाचा सरकारी परवाना वेगळा असतो आणि त्याला वेळ लागतो. तपासणी नाके, सैनिक, पूल, विमानतळ यांच्याकडे कॅमेरा वळवू नका.

पैसे कमी असतील तर कॅमेऱ्यावरचे वाचवून आवाजावर घाला. कॉलरला लावायचा चांगला माइक, वाऱ्यासाठी केसाळ आवरण, आणि प्रत्येक जागी काही न बोलता घेतलेला मिनिटभराचा नुसता आवाज, कारण संकलनात त्याची गरज पडतेच. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकलं तर शटरचा वेग तिथल्या विजेच्या वारंवारतेला जुळवा. ५० हर्ट्झ असेल तर १/५० किंवा १/१०० सेकंद, हैतीसारख्या ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०.

उजेडाबद्दल एक महत्त्वाचं. फिल्मच्या काळात रंगांची जुळणी गोऱ्या त्वचेचं संदर्भपत्र समोर ठेवून होत असे, आणि गडद चेहरे त्यात काळवंडून जात. आजचा कॅमेराही लख्ख आकाशासमोर उभ्या गडद चेहऱ्याला आपोआप अंधारात ढकलतो. उजेडाची मोजणी चेहऱ्यावरून करा, आकाश पांढरं पडलं तर पडू द्या. दुपारच्या उन्हात माणसाला सावलीच्या कडेला, उघड्या आकाशाकडे तोंड करून बसवा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. मूल जमिनीवर बसलं असेल तर तुम्हीही बसा. वरून खाली बघणारी फ्रेम काही न सांगता समोरच्याला लहान करते.

१०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने चित्रण केलं तर तासाला ४५ गिगाबाइट लागतात. त्या हिशेबाने डिस्क न्या, रोज रात्री दोन प्रती करा, दोन वेगळ्या बॅगांत ठेवा, आणि दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. मजकूर संवेदनशील असेल तर डिस्कला कूटबद्ध कुलूप लावा. त्याच रात्री प्रत्येक फोटोची ओळ लिहा: नाव त्या व्यक्तीने उच्चारलं तसं, तारीख, जागा, नेमकं काय चाललं आहे, संमतीची नोंद कुठे आहे आणि नाव जाहीर करायचं की नाही. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की चेहऱ्यांची नावं एकमेकांत मिसळतात.

परतल्यावर संस्थेच्या संग्रहात प्रत्येक चित्रासोबत वापराची मुदत लिहायला लावा. पाच वर्षं म्हणा. त्यानंतर पुन्हा विचारल्याशिवाय वापर नाही. दोन वर्षांचं कुपोषित बाळ पुढे शाळेत जातं, मोठं होतं, आणि त्याचा तोच फोटो देणगीच्या पत्रकांवर फिरत राहतो, असं होऊ देऊ नका. छापील प्रती लोकांपर्यंत पोचवण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा, आणि चित्रपट पूर्ण होण्यापूर्वी त्याचा कच्चा आराखडा गावात दाखवा. तिथून येणाऱ्या दुरुस्त्या बहुधा नेमक्या असतात: अंतर चुकलं आहे, ही विहीर आमची नाही, समितीत ही बाई होती आणि ती दिसतच नाही.

राहिला ड्रोन. मी नेत नाही. परवाना मिळणं कठीण, जप्तीची भीती मोठी, आणि जिथे लोकांनी बॉम्बहल्ले सोसले आहेत तिथे डोक्यावरच्या त्या आवाजाने मुलं पळत सुटतात. वस्तीचा किंवा पाण्याच्या वाटेचा विस्तार दाखवायचा असेल तर जवळच्या टेकडीवरून, नाहीतर संस्थेला विचारून पाण्याच्या टाकीवरून रुंद लेन्सने घेतलेली फ्रेम पुरते. त्यासाठी सकाळी लवकर जा, चुलींचा धूर वर चढायच्या आत, नाहीतर दूरचं काही स्पष्ट दिसत नाही.